भयकादंबरी परभाषेतून भीती दाखवते का?

अर्धवट वाचक
गेले वर्षभर हाताला लागेल ते नवं वाचतोय, अवकाशातलं, भुताखेतांचं, जादूटोण्याचं. शिव्या खायची तयारी ठेवून माझं मत सांगतो. विज्ञान कादंबरी कुठल्याही भाषेतून आली तरी चालते, भयकादंबरी नाही चालत.

लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' घ्या. २००६ मध्ये चिनी मासिकात क्रमशः आली, २०१४ मध्ये केन लिऊंनी इंग्रजीत आणली, २०१५ ला विज्ञान कादंबऱ्यांसाठीचं ह्यूगो पारितोषिक मिळालं. चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचा प्रसंग सेन्सॉरच्या धास्तीने मध्येच कुठेतरी ढकलला होता, इंग्रजीत तो थेट सुरुवातीला आला. भाषांतरात हरवलं तर काही नाहीच, उलट दडवलेलं बाहेर आलं. अँडी वीअरच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी'त (२०२१) नायक परग्रहावरच्या जिवाचे सूर मोजून मोजून त्याची भाषा शिकतो. गणित सगळीकडे सारखंच.

भुताचं तसं नाही. अमेरिकेतल्या कुणाच्या तळघरात खुडबुड झाली म्हणून मला काटा येत नाही. चाळीत वाढलो, तळघर कुठलं? तिथे रात्री खुडबुड झाली तर एक तर उंदीर, नाहीतर नळाला पाणी आलेलं.

देवचार
शंभर टक्के! त्यांचं 'घोस्ट' म्हटलं की संपलं. आपल्याकडे मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानवाटेवर, ज्याची त्याची हद्द ठरलेली. आजी नुसतं "तिन्हीसांजेला विहिरीकडे नको जाऊस" म्हणायची, कारण कधीच सांगायची नाही. अजून त्या विहिरीला मी वळसा घालतो. वय वर्षं एक्केचाळीस.

रानजाई
दोघांनाही नमस्कार, पण मला हे पटलं नाही. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाची 'मेक्सिकन गॉथिक' (२०२०) वाचलीत? १९५० च्या दशकातलं मेक्सिको, चांदीच्या खाणीवर श्रीमंत झालेलं इंग्रज कुटुंब, आता खाण बंद आणि घराला ओल. नायिकेची चुलतबहीण लग्न होऊन त्या घरात गेलेली. तिचं चमत्कारिक पत्र येतं म्हणून ही बघायला जाते. जेवताना बोलायचं नाही, बहिणीला भेटायचं तर परवानगी काढून, औषधपाणी घरचे ठरवणार. आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक म्हातारा, जो मरायचं नाव घेत नाही.

मला त्यात मेक्सिको दिसलंच नाही, माझ्या मावशीचं सासर दिसलं. भिंतीवरच्या बुरशीसकट. तुम्हाला तळघर नसेल, पण सासर आम्हा सगळ्यांना आहे.

पानमोज्या
जादूटोण्याचं काय मग? ब्रँडन सँडरसनच्या एका मालिकेचे पाच खंड झाले, प्रत्येक हजार पानांच्या वर, आणि एकूण दहा व्हायचेत. मला पेन्शन सुरू होईल. तुमचं चालू द्या.

जुनाट सांगाडा
एवढा वाद झाला आणि नारायण धारपांचं नाव अजून कुणी काढलं नाही? 'शपथ' स्टीफन किंगच्या 'इट'वर बेतलेली, 'लुचाई' त्याच्याच 'सेलम्स लॉट'वर. शाळेत असताना मी पांघरुणात टॉर्च लावून वाचल्या, आणि मूळ अमेरिकेत आहे हे कळलं वीस वर्षांनी. अर्धवटराव, भय परभाषेतून येत नाही म्हणता, मग त्या रात्री मी कशाला घाबरत होतो?

अर्धवट वाचक
काका, तेच तर म्हणतोय! धारपांनी भाषांतर केलंच नाही. हाडं तिकडची ठेवली आणि वर इथलं मांस चढवलं. आज कुणी तसं करू गेला तर वकिलाची नोटीस येईल. रीतसर हक्क घेऊन भाषांतर करायचं, तर तिकडचं तळघर तिकडेच ठेवावं लागतं. रानजाई, सासरवर उत्तर सुचलेलं नाही. शोधतोय.

शून्यगुरुत्व
मुळात तुम्ही जे वाचलंत ते इंग्रजी. "कुठल्याही भाषेतून चालते" हे मराठी भाषांतर वाचून सांगा. "एअरलॉकमधलं प्रेशर ड्रॉप झाल्याने अलार्म ट्रिगर झाला" असल्या वाक्यात मराठी किती? विज्ञानकथेलाही मांस लागतंच. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. नुसतं ते शीर्षक उच्चारून बघा. 'विवर' म्हटल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो 'ब्लॅक होल'ने मला तरी पडत नाही. गणित सगळीकडे सारखं असेल हो, पण गोष्ट काही आकड्यांत सांगत नाहीत.

देवचार
हे बाकी खरं. मी आता कुणाच्या बाजूने आहे तेच मला कळेना.

रानजाई
काका, 'लुचाई' आहे का तुमच्याकडे? नेईन आणि दिवसाच वाचेन.

जुनाट सांगाडा
आहे. शेवटची चार पानं वाळवीने खाल्लीत.