मदत हवी आहे: ट्रायटेल्युराइडचा सेल बसत नाहीये, उद्या ११ ला मीटिंग

निद्रानाश_७
सिंगल क्रिस्टलचा एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) डेटा आहे. रेअर अर्थ ट्रायटेल्युराइड (एका रेअर अर्थ अणूमागे तीन टेल्युरियम), सेल (रचनेचा पुन्हापुन्हा येणारा ठोकळा) ए, बी, सी अक्षांवर साधारण ४.३, २५, ४.३ अँगस्ट्रॉम. सीएमसीएम हा स्पेस ग्रुप (सममितीचा प्रकार) घेतला की आर-फॅक्टर (मॉडेल आणि डेटामधला फरक) ठीक येतो, पण बारके जादा ठिपके उरतात, दोन दिशांना. सी अक्ष सातपट केला तर एकीकडचे जेमतेम बसतात, दुसरीकडचे नाहीच. काय चुकतंय? प्लीज लवकर.

खडूफळा
कोणता रेअर अर्थ? डेटा किती तापमानाला घेतला?

जुना_टीए
ट्विनिंग, दुसरं काही नाही. ए आणि सी मध्ये नावापुरता फरक असतो, त्यामुळे अर्धा क्रिस्टल ९० अंशांत फिरलेला असतो. माझे तीन महिने यातच गेले.

निद्रानाश_७
तापमान नेहमीचंच. त्याने काय होतं?

खडूफळा
नेहमीचं म्हणजे खोलीचं की क्रायोस्ट्रीमचं (थंड वायूच्या झोतातलं)?

पावडरवाला
सोपं आहे, घोटून पावडर करा आणि रिटवेल्ड (पावडरच्या पूर्ण पॅटर्नवर रचना बसवायची पद्धत) लावा.

जुना_टीए
अहो, हे अभ्रकासारखं पापुद्र्यांचं आणि मऊ. खलात पापुद्रे आडवे पडतात आणि पॅटर्नमध्ये ०के० (थरांना समांतर प्रतलांची शिखरं) सोडून फारसं काही दिसत नाही. करून बघितलंय.

ससा
टेल्युरियम हाताळताना जपा. पोटात गेलं तर तोंडाला लसणाचा वास येतो. ऐन श्रावणात घरच्यांनी मला विचारलं होतं, लसूण कुठे खाल्लास म्हणून.

कोकणी_माणूस
रेअर अर्थ मोनाझाइटपासून मिळतं. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते आहे.

निद्रानाश_७
वाळू नकोय हो! एर्बियम आहे. १०० केल्विन, आमच्याकडे सगळंच १०० ला घेतात. सिनियरने खोलीच्या तापमानाला घेतला तेव्हा एकही जादा ठिपका नव्हता, म्हणून तो म्हणतो क्रिस्टल हवेने बिघडला.

खडूफळा
हे आधी सांगायचं ना! क्रिस्टल ठणठणीत असेल. यात टेल्युरियमच्या चौकोनी जाळीच्या दोन चादरी आणि मग एर्बियम-टेल्युरियमचा लहरदार थर, अशी रचना असते. चार्ज डेन्सिटी वेव्ह (इलेक्ट्रॉनच्या घनतेतली लाट, तिच्याबरोबर अणूही किंचित सरकतात) त्या जाळीत येते. थंड करताना एर्बियममध्ये ती दोनदा येते: २६७ केल्विनच्या आसपास सी दिशेला, १५७ च्या आसपास ए दिशेला. खोलीत काहीच दिसणार नाही, १०० ला दोन्ही दिसणार. गॅडोलिनियम असतं तर पहिली ३७७ लाच येते, खोलीतही ठिपके दिसले असते. आणि सातपट विसरा. वेव्ह व्हेक्टर (लाटेची दिशा आणि लांबी सांगणारा) २/७ नाही, ०.३० च्या जवळ आहे, क्रिस्टलच्या सेलशी जुळतच नाही. आधी मुख्य ठिपक्यांवर सरासरी रचना बसवा, मग जाना या सॉफ्टवेअरमध्ये सुपरस्पेस (न जुळणाऱ्या लाटेसाठी जादा मिती घेऊन रचना मांडणं).

जुना_टीए
मान्य. पण ट्विन नाही हे कशावरून? (० ६ १) आणि (१ ६ ०) हे एच, के, एल आकड्यांचे ठिपके बघा. सी-सेंटरिंगमुळे (एच+के सम असेल तेच ठिपके येतात) दुसरा दिसायलाच नको. दिसला तर मी बरोबर.

खडूफळा
ते बघाच. शिवाय २०० केल्विनला एक छोटा रन घ्या. ए कडचे ठिपके गेले तर दुसरी वेव्ह खरी, दोन्हीकडचे राहिले तर ट्विन.

निद्रानाश_७
(१ ६ ०) च्या जागी अगदी पुसट काहीतरी आहे. हे धरायचं का?

जुना_टीए
किती पुसट? (० ६ १) च्या किती टक्के?

निद्रानाश_७
मोजतोय. २०० चा रन लावलाय, पहाटे ४ ला संपेल.

पावडरवाला
तोवर थोडी पावडर करून बघा की.