‘वुकूफ’ला मराठीत काय म्हणाल?

खाडीकाठ: नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच हजला जाऊन आले. शाळेत मराठी शिकवते, म्हणून तालुक्याच्या अंकासाठी चार पानं लिहून द्या असा आग्रह झाला. लिहायला बसले आणि एका शब्दापाशी घोडं अडलं.

तवाफ, सई, झमझम, कुर्बानी हे शब्द तसेच ठेवले. एकदा सांगितलं की वाचणाऱ्याला कळतात. अडचण आहे ती ‘वुकूफ’ची. जिल्हज, म्हणजे हजच्या महिन्याच्या 9 तारखेला दुपार ढळल्यापासून सूर्यास्तापर्यंत अरफातच्या मैदानात असणं, म्हणजे वुकूफ. मक्केपासून साधारण 20 किलोमीटरवरचं हे माळरान. हजमधल्या बऱ्याच गोष्टी हुकल्या तर भरपाई करता येते, पण अरफात चुकलं तर त्या वर्षीचा हजच गेला. ‘हज म्हणजे अरफात’ असं पैगंबरसाहेबांचं वचनच आहे.

कोशात वुकूफचा अर्थ ‘उभं राहणं, थांबणं’. ‘उभं राहणं’ लिहिलं तर लोकांना वाटणार, ही बाई त्या उन्हात सहा-सात तास पायांवर उभी होती. तसं नसतं. बसलं तरी चालतं, आडवं झालं तरी चालतं. डोळा लागला तरी वुकूफ मोडत नाही. ‘थांबणं’ लिहिलं तर एस्टीची वाट पाहत होते असं वाटतं. तिसरा शब्द सुचवा.

शब्दपिसारा: ‘मुक्काम’ का नको? तो मुळात अरबीच आहे, आणि त्याचा धातूही ‘उभं राहणं’ हाच. काब्याजवळच्या मकाम-ए-इब्राहीममधला मकाम आणि आपला मुक्काम एकाच घरातले.

खाडीकाठ: घर एक असलं तरी मराठीत आल्यावर मुक्कामाला वळकटी चिकटली. मुक्काम म्हटलं की रात्र आली, अंथरूण आलं. तो शब्द मिनाला शोभतो, तिथे खरंच तंबूत मुक्काम असतो. अरफातला रात्र काढायचीच नसते. सूर्य बुडाला की निघायचं. मगरिबचं, म्हणजे सूर्यास्तानंतरचं नमाजसुद्धा तिथे नाही, पुढे मुझदलिफाला पोचल्यावर रात्रीच्या इशाबरोबर.

घाटावरची: मी वारकरी घरातली. मला ‘तिष्ठणं’ सुचलं. त्यात उभं राहणंही आहे आणि दारात ताटकळणंही. मात्र एक गंमत वाटते. आमच्याकडे विटेवर देव तिष्ठतो आणि माणसं चालतात. तुमच्याकडे त्या दिवशी माणसं तिष्ठतात.

खाडीकाठ: घाटावरची ताई, शब्द सुंदर आहे आणि तुमचं निरीक्षण त्याहून. माझ्या मजकुरात ते तुमचं म्हणून घेऊ का? पण तिष्ठणाऱ्याला आत कधी घेतील याची खात्री नसते, त्यात थोडी तक्रार असते. अरफातला आलेल्याला आत घेतलेलंच असतं, अशी आमची श्रद्धा.

शब्दपिसारा: जरा विषयांतर. तवाफला सरळ ‘प्रदक्षिणा’ का लिहीत नाही? सात फेऱ्याच ना?

खाडीकाठ: दिशेमुळे. प्रदक्षिणेत ‘दक्षिण’ आहे, म्हणजे उजवा हात. ज्याच्याभोवती फिरायचं ते उजवीकडे ठेवायचं. तवाफमध्ये काबा डाव्या हाताला असतो. वर्तमानपत्रवाले बिनदिक्कत प्रदक्षिणा लिहितात, मीही घरी तसंच सांगते. पण लिहिताना हात अडखळतो.

घाटावरची: मग ‘इहराम’? बातम्यांत नेहमी ‘इहराम परिधान करून’ असं असतं.

खाडीकाठ: तो तर बायकांवर सरळ अन्यायच! पुरुषांची दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं दिसतात, म्हणून त्यांनाच इहराम म्हणायची पद्धत पडली. आम्ही बायका अंगभर असलेल्या नेहमीच्याच कपड्यांत जातो. आमच्याकडे ‘परिधान’ करायला वेगळं काही नसतंच. इहराम ही अवस्था आहे. मीकातची हद्द ओलांडण्याआधी नियत करायची, लब्बैक म्हणायचं, की माणूस इहराममध्ये गेला. मग अत्तर नाही, नखं-केस कापायचे नाहीत, शिकार नाही. आमचं विमान जिद्दाकडे जाणारं, त्यामुळे यलमलमची हद्द हवेतच ओलांडली. आजूबाजूचे सगळे पुटपुटू लागले आणि खाली काही दिसत नसताना आपण एका रेषेच्या पलीकडे गेलो हे कळलं.

घाटावरची: म्हणजे आमच्या सोवळ्यासारखं. सोवळं नेसतातही आणि सोवळ्यात असतातही. वस्त्राचं नाव आणि अवस्थेचं नाव एकच.

खाडीकाठ: व्याकरण अगदी तेच. परिणाम उलटा. सोवळ्यातल्या माणसापासून बाकीचे दूर सरतात. इहराममध्ये शिरलात की लाखोंच्या गर्दीत ढकलले जाता. तवाफमध्ये एक उंच आफ्रिकी बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. माझी तिची ओळख नाही, भाषा नाही. हात काढायचं तिच्याही मनात आलं नाही, माझ्याही.

जेरजबर: अरबी शिकतोय, म्हणून बोलण्याचं धाडस करतो. मॅडम, तुम्ही शोधताय तो शब्द मराठीत केव्हाच येऊन बसलाय. ‘वकूब’. ‘त्याचा वकूब तेवढाच’ म्हणतो, तोच. अरबी वुकूफ फारसीतून मराठीत उतरला. उभं राहणं, मग एखाद्या गोष्टीपाशी थांबणं, मग ती गोष्ट माहीत होणं, मग जाण, आणि शेवटी कुवत. ज्याला जाण नाही तो बे-वकूफ. ज्याला चांगली आहे तो वाकिफ, आणि मराठीत वाकबगार. ‘वक्फ’ही त्याच धातूचा: मिळकत थांबवून ठेवली, आता ती विकायची नाही, वाटायची नाही. कुराणाच्या छापील प्रतीत वाचताना कुठे थांबायचं याच्या खुणा असतात, त्यांनाही वक्फच म्हणतात.

मोडीवाचक: कोशांतही वकूबची हीच व्युत्पत्ती आहे. दप्तरातल्या कागदांत ‘वाकीफ’ सतत भेटतो.

खाडीकाठ: जेरजबर, हे वाचून मी चहा गार होऊ दिला. ‘वकूब’ वुकूफच्या जागी घालता येणार नाही, हे उघड आहे. ‘मी अरफातला वकूब केला’ म्हटलं तर शाळेतली पोरं हसतील. पण त्या दुपारी मला जे झालं ते नेमकं या दोन शब्दांच्या मधलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निघताना शेजारपाजारच्यांनी, नात्यातल्यांनी, शाळेतल्या सहकाऱ्यांनीही नावं दिली होती: ‘तिथे आमच्यासाठी दुआ करा.’ हिंदू घरांतली नावंही होती. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचं आजारपण, एकीचं कर्ज. वही भरली होती. अरफातला पोचल्यावर वही उघडली आणि एकेक नाव घेत गेले. त्यानंतर माझं स्वतःचं मागून झालं. आईवडिलांसाठी मागून झालं. ज्यांच्याशी अबोला आहे त्यांच्यासाठीही मागितलं, जरा जड जिभेनं. आणि वर पाहते तो सूर्य तिथेच.

हजमध्ये बाकी सगळीकडे हातापायांना काम असतं. सात फेरे मोजा, सफा-मरवा या टेकड्यांच्या मध्ये चाला (तीच सई), खडे वेचा, खडे मारा. अरफातला काम नाही. दोन वेळचं नमाज दुपारीच एकत्र होऊन गेलेलं असतं. मागणं संपल्यावर मी नुसती उरले. शिक्षिका नाही, कुणाची बायको नाही, आई नाही. एक घामेजलेलं माणूस, ज्याच्याकडे आता बोलायलाही काही नाही. आधी भीतीच वाटली. मग पहिल्यांदा लक्षात आलं की मी आयुष्यभर अल्लासमोर काहीतरी करतच होते, त्याच्यासमोर नुसती कधी नव्हतेच. जाण म्हणा, कुवत म्हणा, आपला आकार दिसला. तो लहान होता. लहान असण्याचं वाईट मात्र वाटलं नाही.

घाटावरची: यावर शब्द सुचवायचं धाडस होत नाही आता.

शब्दपिसारा: आणि ‘अरफात’? तेही मराठीत आहे काय?

जेरजबर: गाव नाही, पण भाऊबंद आहेत. अरफातची अक्षरं ऐन-रे-फे, अर्थ ओळखणं. त्याच धातूचा ‘मारफत’, जो आपण पत्त्यावर लिहितो. ‘उर्फ’ही तिथलाच: ज्या नावानं लोक ओळखतात ते. आणि ‘तारीफ’. मैदानाला ते नाव का पडलं याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. आदम आणि हव्वा पृथ्वीवर आल्यानंतर तिथे एकमेकांना ओळखते झाले, ही त्यातली लोकप्रिय.

मोडीवाचक: माझीही एक भर. पेशवेकाळातल्या पत्रांवर तारीख असते ‘छ 9 जिल्हेज’ अशी. छ म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्र तारीख. आणि जिल्हेज म्हणजे जिल्हज, हजचा महिना. पुण्यातला कारकून सारावसुलीच्या पत्रावर अरफातच्या दिवसाची तारीख घालत होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. ताईंनी अंकात ‘जिल्हेज’ लिहिलं तर मला फार आवडेल.

खाडीकाठ: लिहिते! संपादक ‘मुद्रणदोष’ म्हणून कापतील, तेव्हा तुमचा दाखला देईन.

शब्दपिसारा: मग हजर, हाजरी, हाजी हेही एकच का? ‘लब्बैक’चा अर्थ ‘मी हजर आहे’ असाच देतात.

जेरजबर: नाही, इथे देवनागरी फसवते. हाजी आणि हज यांत जीम आहे. ‘हजर’मध्ये ज़ाद, तो धातू वेगळा. ज्यांच्या धावपळीची आठवण म्हणून सई करतात त्या बीबी हाजरा, त्यांच्या नावातला ‘ह’सुद्धा निराळा. मराठीत तिन्ही एकसारखे दिसतात म्हणून घोटाळा. हजचा खरा सख्खा भाऊ सांगू? ‘हुज्जत’.

शब्दपिसारा: थट्टा करताय! आमच्याकडे भाजीवाल्याशी घालतात ती हुज्जत?

जेरजबर: तीच. हे-जीम-जीम. या धातूचा एक अर्थ मनात धरून एखाद्या ठिकाणाकडे निघणं, त्यातून हज. दुसरा वादात सरशी करणं, त्यातून हुज्जत म्हणजे पुरावा, युक्तिवाद. मराठीनं पुरावा टाकून दिला आणि नुसती कटकट ठेवली.

खाडीकाठ: अरे देवा. आणि हजमध्ये जे करायला बंदी आहे त्यात हुज्जत येते! सूरा बकराच्या 197 व्या आयतीत आहे: हजच्या काळात कामुक बोलणं-वागणं नाही, दुराचार नाही, भांडण नाही. भांडणासाठी तिथे शब्द मात्र ‘जिदाल’ आहे.

मला विचाराल तर ऊन सोसलं, चालणं सोसलं, पण हे तिसरं फार जड गेलं. मिनाच्या तंबूत शौचालयापुढे रांग असायची. रांगेत मध्येच घुसणाऱ्याला दोन शब्द सुनावण्यात माझी निम्मी हयात गेलीय, तेच माझं खातं. तिथे एक बाई रोज पहाटे मुकाट्यानं पुढे सरकायची. माझ्या जिभेवर सगळं तयार असायचं, तेही शुद्ध मराठीत, तिला एक अक्षर कळलं नसतं. दात आवळून लब्बैक म्हणत राहायचे. शेवटच्या दिवशी कळलं की तिला मूत्राशयाचं दुखणं होतं आणि तिच्या सोबतच्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांची भाषा मला येत नव्हती एवढंच.

घाटावरची: परत आल्यावर टिकलं का ते?

खाडीकाठ: शाळा सुरू झालीय हो. रोज मधल्या सुट्टीत परीक्षा.

मोडीवाचक: मूळ प्रश्नाचं काय ठरलं?

खाडीकाठ: ‘वुकूफ’ तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे वकूबची गोष्ट सांगते. वाचणारा त्या वाटेनं आला तर शब्द परका वाटणार नाही. तोंडी सांगताना ‘अरफातला होते’ एवढंच म्हणेन. ‘थांबले’, ‘उभी होते’ यापेक्षा नुसतं ‘होते’ जास्त खरं आहे, हे इथे लिहितानाच सुचलं.

जेरजबर: क्रियापद कोणतं घेणार? उर्दूत ‘वुकूफ करना’ म्हणतात.

खाडीकाठ: ‘वुकूफ केला’ नको वाटतं. त्यात काही करायचंच नसतं. ‘वुकूफ झाला’ लिहीन. आमच्याकडे बायका हजबद्दलही ‘तुमचा हज झाला का?’ असंच विचारतात.

शब्दपिसारा: म्हणजे हज पुल्लिंगी? आमच्या पेपरात ‘पवित्र हज पार पडली’ असं छापलं होतं.

खाडीकाठ: आमच्या बोलण्यात पुल्लिंगीच, उर्दूतही तसंच. ‘हजयात्रा’ लिहिलं की यात्रेमुळे स्त्रीलिंगी होतं, मग लोक यात्रा गाळतात आणि लिंग तेवढं ठेवतात. जाऊन आलेल्या बाईला ‘हाजी’ म्हटलं तरी चालतं. उर्दूत ‘हज्जन’, मुंबईच्या मेमन घरांत ‘हाजियानी’. मला मात्र मुलं अजून ‘बाई’च म्हणतात.