मदत हवी आहे: लोण्याची निर्यात वाढली, मग केंद्रावर गाईच्या दुधाचा दर का हलत नाही?

आर्वीकडचा:
नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात आमचं छोटं दूध संकलन केंद्र आहे. दोन्ही वेळचं मिळून अडीचशे लिटरच्या आसपास. घरी तीन गवळाऊ आणि दोन संकरित गाई.

झालं असं की मी केंद्रावर मोबाइलमधली बातमी वाचून दाखवली. २०२३-२४ मध्ये देशातून ६३,७३८ टन दुग्धजन्य माल बाहेर गेला होता, २०२४-२५ मध्ये १,१३,३५० टन. त्यात लोणी, तूप, बटर ऑइल यांचाच वाटा मोठा. कॅन रिकामी करता करता एक काका म्हणाले, "काहून बावा, लोणी परदेशी चाललं, अन् आमाले तेच एकतीस?" मला उत्तर देता आलं नाही.

आमचं दूध घेणारी वरची डेअरी ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लिटरला ३१ रुपये देते. विचारलं की "दूध पावडर पडून आहे" हे ठरलेलं उत्तर. म्हणून मामाकडून हाताने फिरवायचं सेपरेटर, म्हणजे दुधातून साय वेगळी काढायचं यंत्र, आणलं. ४० लिटर दूध फिरवलं. हँडल फिरवून खांदा भरून आला, पण तूप निघालं १ किलो ३०० ग्रॅम. नागपूरच्या नातेवाइकांनी ७०० ने नेलं, म्हणजे ९१० रुपये. तेच दूध डेअरीला घातलं असतं तर १,२४० झाले असते. छत्तीसेक लिटर सेपरेट, म्हणजे साय काढलेलं दूध उरलं. थोडं वासरांना पाजलं, थोडं शेजारी वाटलं, बाकीचं दुपारपर्यंत फाटलं. आई दोन दिवस बोलत नव्हती.

माझे प्रश्न: निर्यात वाढून दर का वाढत नाही? आणि आम्ही दहा-बारा जणांनी मिळून लोणी, तूप किंवा चीज काढायचं म्हटलं तर त्यात अर्थ आहे का?

हिशेबी:
आधी निर्यातीचं बघू. १,१३,३५० टन आकडा मोठा वाटतो. सगळा माल लोणीच होता आणि किलोमागे २४ लिटर दूध लागलं असं धरा. २७ लाख टन दूध झालं. देशाचं २०२३-२४ चं उत्पादन २३.९ कोटी टन. सव्वा टक्कासुद्धा भरत नाही. हत्तीच्या पाठीवर माशी बसली तर हत्तीला कळत नाही.

आता खरी गोम. तुमच्या १०० लिटरमधून साधारण सव्वाचार किलो लोणी आणि नऊ किलो पावडर निघते. लोणी किलोला ५० रुपयांनी चढलं तर लिटरमागे दोन-सव्वादोन रुपये वाढले. पावडर ५० रुपयांनी पडली तर लिटरमागे साडेचार गेले. त्यामुळे लोणी तेजीत आणि शेतकरी मंदीत, हे एकाच वेळी होऊ शकतं. डेअरीवाला तुम्हाला खोटं सांगत नसेल, अर्धवट सांगत असेल.

आठवा, एप्रिल २०२३ मध्ये लोण्याची टंचाई म्हणून आयातीची चर्चा होती, शरद पवारांनी विरोधाचं पत्र लिहिलं होतं. वर्ष फिरलं नाही तोच पावडर कोसळली आणि २०२४ मध्ये राज्याला गाईच्या दुधाला लिटरमागे ५, पुढे ७ रुपये अनुदान द्यावं लागलं.

वायकाटोतला वऱ्हाडी:
मी मूळ अंजनगावचा, सध्या न्यूझीलंडमध्ये. इथलं गणित उलटं आहे. दुधाचा जवळपास ९५ टक्के माल बाहेर जातो, म्हणून दुग्धजन्य मालाच्या जागतिक लिलावात भाव हलला की इथल्या गोठ्यात लगेच कळतं. लिलाव महिन्यातून दोनदा. २०१७ मध्ये लोणी टनाला ६,००० डॉलरच्या आसपास गेलं तेव्हा लोक तोंडात बोट घालत होते. मे २०२५ मध्ये ते जवळजवळ ८,००० ला टेकलं, वर्ष संपेपर्यंत बरंच उतरलं. त्या तेजीत इथल्या दुकानात अर्धा किलो लोणी इथल्या साडेआठ डॉलरला होतं. लोण्याच्या देशात लोणी परवडत नाही म्हणून लोक करवादत होते.

तेजीचं एक कारण चीज. युरोपातल्या कारखान्यांनी दूध चीजकडे वळवलं, कारण तिथं खाली उरलेल्या पाण्याची, म्हणजे व्हेचीही पावडर करून विकतात. दोन्हीकडून पैसा. मग लोण्याला दूध कमी पडलं. अमेरिकेनेही २०२४ मध्ये ५ लाख टनांवर चीज बाहेर पाठवलं. एका गिऱ्हाइकावर विसंबणं किती महाग पडतं तेही इथल्यांना ठाऊक आहे. पूर्वी लोणी मुख्यतः ब्रिटनला जायचं. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपच्या बाजारात शिरलं आणि यांना जगभर नवी गिऱ्हाइकं शोधावी लागली.

तूप-ताक:
दादा, चीजच्या नादी लागू नका. किलोला दहा लिटर दूध, वर नऊ लिटर पाणी हातात, आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांत लाइट गेली की सगळं गेलं. मी अचलपूरकडे सहा वर्षं तूप काढते. गाईचं दूध डेअरीलाच घाला, तुपाला म्हशीचं घ्या. ७ फॅटचं दूध असेल तर तेवढ्याच ४० लिटरात दुप्पट तूप येतं. आमच्याकडे पूर्णाथडी म्हशी आहेत, तुमच्याकडे नागपुरी मिळतील.

आणि सेपरेट फाटू देऊ नका हो! दूध पिळल्या पिळल्या कोमट असतानाच फिरवा, सेपरेट लगेच तापवून विरजण लावा. सकाळी ताक. आधी गिऱ्हाईक बघा, मग मशीन घ्या. मी उलटं केलं होतं, पहिला उन्हाळा सगळा शिकण्यात गेला. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याची) नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

हिशेबी:
ताईंशी सहमत. तुमच्याच आकड्यांवरून ३३० रुपयांचा खड्डा आहे. ३६ लिटर सेपरेट लिटरला सव्वानऊला गेलं तर बरोबरी. मजुरी, जळण अजून धरलेलंच नाही.

आर्वीकडचा:
सगळ्यांचे आभार. हत्ती-माशीचं काकांना सांगितलं, ते म्हणाले, "मंग माशीची बातमी काहून वाचतं बे?"

काल रसवंतीवाल्याशी बोललो. उन्हाळाभर रोज २० लिटर ताक घेतो म्हणाला, लिटरला १५ देईन, पण थंड पाहिजे. गावातल्या दोघांकडे म्हशी आहेत, त्यांचं मिळून १८ लिटर दूध येतं. तेवढ्यावरच सुरू करतो. गाईचं डेअरीला जाऊ दे.

आता एकच अडचण. मामाचं सेपरेटर परत मागितलंय. नागपूर, वर्धा, अमरावतीकडे कोणाकडे मोटारीवर चालणारं जुनं, पण थाळ्या न गंजलेलं सेपरेटर पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि ताई, ताक रसवंतीपर्यंत १४ किलोमीटर थंड कसं नेता? बर्फाचे पैसे धरले की पुन्हा हिशेब बिघडतोय.