१३ वर्षांच्या नातवाला कॅनडात मोटरबोट चालवता येते का? (जमलं तर हतनूरचंही सांगा)

केळीवाला, सावदा

राम राम मंडळी. जुलैत मी आणि सौ. लेकीकडे कॅनडाला जाऊ राहिलो. जावईबापूंनी ओंटारियो प्रांतातल्या पीटरबरोच्या पुढे तळ्याकाठचं एक घर आठवडाभर भाड्याने घेतलंय. त्या घरासोबत दोन बोटी वापरायला मिळतात. एक पत्र्याची, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं मशीन. दुसरी सपाट, वर छत, आत सोफे टाकलेले, तिला ६० हॉर्सपॉवर. फोटो पाहिला तर बाप्पा, आमच्या ओट्यापेक्षा मोठी!

नातू १३ वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर रोज सांगतो, "आजोबा, तुम्हाला मीच फिरवणार." जावई म्हणतात, तिकडे पोरं चालवतात, काही होत नाही. सौ. म्हणते, ज्या पोराला इथे लूना द्यायची नाही त्याला तिथे बोट कशी द्यायची? मला सौ.चं पटतं, पण घरात असं उघड बोलता येत नाही.

तर विचारायचं असं:
नातवाला कायद्याने चालते का, आणि कोणती बोट?
मी चालवली तर? वय ६३. तापीकाठचा माणूस आहे, पोहता येतं. हँडल मारून डिझेल इंजिन चालू करण्यात उमर गेली, विहिरीवर साडेसातची मोटर आहे, त्यामुळे हॉर्सपॉवरची भीती नाही. इथलं ड्रायव्हिंग लायसन आहे, आंतरराष्ट्रीय परवानाही काढणार आहे.
तिसरं जरा वेगळं. आमच्या शेताच्या शेजाऱ्याने हतनूर धरणाच्या फुगवट्यात फिरायला एक जुनी मशीनची बोट आणली आहे. दिवाळीत नातू इकडे येईल तेव्हा तिच्यावर हात मारायला मागेल. त्याचं काय?

बिनधास्त_पाचोरा

काका, तळ्याच्या मधोमध कोण पोलीस येतो? चालवू द्या पोराला. आपण १३ व्या वर्षी ट्रॅक्टर चालवलेच ना.

भुसावळची लेक

पाचोरेकर, येतो पोलीस. ओंटारियोच्या प्रांतिक पोलिसांच्या स्वतःच्या बोटी आहेत, आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवारी-रविवारी त्या तळ्यांवरच असतात. मी किचनरला राहते, माहेर भुसावळचं. दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईवडील येतात आणि हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर निघतो. म्हणून सविस्तर लिहिते, काका.

इथे दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे कार्ड. दुसरी म्हणजे वय आणि हॉर्सपॉवर यांची सांगड. दोन्ही पाळाव्या लागतात. एक आहे म्हणून दुसरी माफ होत नाही.

कार्ड आधी. कॅनडात (दूर उत्तरेचे दोन प्रदेश सोडून) मौजेसाठी मशीनची बोट चालवणाऱ्या प्रत्येकाकडे बोट चालवता येत असल्याचा पुरावा लागतो. बहुतेकांकडे 'प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड' असतं. नियम १९९९ चे, टप्प्याटप्प्याने लागू होत २००९ च्या सप्टेंबरपासून सगळ्यांना लागले. प्रत्येकाला म्हणजे खरंच प्रत्येकाला: मशीन कितीही लहान असो, बॅटरीवरचं असो, चालवणारा १३ चा असो की ६३ चा. केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांकडे ऑनलाइन अभ्यास करून परीक्षा देता येते. कार्ड एकदा मिळालं की जन्मभर चालतं, नूतनीकरण नाही. नसताना पकडलं तर २५० डॉलर दंड, वर इतर शुल्क.

परीक्षा अवघड नाही, पण अंदाजाने सुटत नाही. उदाहरण सांगते. पाण्यात खुणेचे लाल-हिरवे बोये असतात. इथे प्रवाहाविरुद्ध वर जाताना लाल बोया आपल्या उजव्या हाताला ठेवायचा. भारताच्या बंदरांत आत शिरताना तोच लाल डाव्या हाताला येतो, कारण जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत आणि उत्तर अमेरिकेची आपल्यापेक्षा उलटी आहे. तुम्ही जाणार त्या कवार्था भागाची बरीच तळी कालव्याने एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे हे बोये तुम्हाला खरोखर दिसतील. चुकीच्या बाजूने गेलात तर खाली खडक.

आता वय. १२ च्या आतलं मूल एकट्याने १० हॉर्सपॉवरपर्यंतची बोट चालवू शकतं. १२ ते १६ च्या आतलं एकट्याने ४० पर्यंत. १६ पासून बंधन नाही. त्याहून मोठं मशीन मुलाला चालवायचं असेल तर १६ किंवा त्याहून मोठं माणूस बोटीत त्याच्यासोबत हवं, आणि त्याचं लक्ष पोरावर हवं. काठावर खुर्ची टाकून हातात चहा घेऊन 'लक्ष आहे माझं' म्हणणं यात बसत नाही. जेट स्की मात्र १६ च्या आत अजिबात नाही, मोठं माणूस मागे बसलं तरी नाही.

तुमच्या नातवाचा हिशेब यातूनच निघतो. पत्र्याची ९.९ ची बोट: कार्ड असेल तर एकटा चालवू शकतो. सोफ्यांची ६० ची: कार्डही हवं आणि मोठं माणूस शेजारीही हवं. कार्ड नसेल तर दोन्ही नाही.

एक बारीक गोष्ट. कायद्यात आकडे किलोवॅटमध्येही आहेत. ७.५ किलोवॅट म्हणजे १० हॉर्सपॉवर, ३० किलोवॅट म्हणजे ४०. तुमची विहिरीवरची साडेसातची मोटर आणि हे साडेसात एक समजू नका. आणि ९.९ असा विचित्र आकडा इतक्या बोटींवर का दिसतो? एक कारण असं की १० आणि त्यापुढच्या मशीनच्या बोटीला स्वतःचा परवाना क्रमांक लागतो, दोन्ही बाजूंना निदान साडेसात सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत. ९.९ ला ते सोपस्कार लागत नाहीत. ६० च्या बोटीवर तो क्रमांक आहे का, एवढं पोचल्यावर बघून घ्या.

तुमचं स्वतःचं. इथलं किंवा तिथलं गाडीचं लायसन, आंतरराष्ट्रीय परवाना, यातलं काहीही पाण्यावर चालत नाही. पाहुण्यांना सूट आहे, पण ती स्वतःच्या देशात नोंदलेली बोट घेऊन ४५ दिवसांपेक्षा कमी काळ आलेल्यांना. सावद्याहून बोट आणत नसाल तर ती विसरा. कॅनडात नोंदलेली किंवा भाड्याची बोट चालवायची तर तुम्हालाही पुरावा लागतो. भाड्याच्या बोटीला एक पळवाट आहे, कायदेशीर आहे: देणारा आणि घेणारा निघण्याआधी एक सुरक्षा यादी एकेक करून वाचतात, सही करतात, आणि ती भरलेली यादी त्या भाड्याच्या मुदतीपुरती पुरावा धरली जाते. घरासोबत मिळणाऱ्या बोटीला घरमालक ती यादी करून देतो का, हे जावईबापूंना आजच विचारायला सांगा. आणि त्या यादीने नातवाचं वय वाढत नाही, हेही सांगा.

बाकी: काठापासून ३० मीटरच्या आत ताशी १० किलोमीटरच्या वर वेग नाही. मशीनच्या किल्लीला जोडलेली लाल दोरी चालवणाऱ्याने मनगटाला अडकवायचीच; तो पाण्यात पडला तर मशीन बंद होतं. पोराच्या हातात बोट द्यायची तर माझ्या घरात पहिली अट ती दोरी आहे, कार्ड नंतर. आणि जावईबापू बिअर घेणार असतील तर सुकाणूपासून लांब. ओंटारियोत पिऊन बोट चालवली तर गाडीचं लायसनही जातं.

दोंडाईचा ते टँपा

ताईंनी कॅनडाचं छान सांगितलं. कोणी हे वाचून अमेरिकेत लावू नका, इथे प्रत्येक राज्याचं वेगळं. आमच्या फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना १० हॉर्सपॉवर किंवा जास्त असेल तर बोट सुरक्षेचं कार्ड लागतं, म्हणजे ६३ चे काका इथे कार्डाशिवाय चालवतील आणि माझा तिशीतला भाऊ नाही. जेट स्की १४ पासून चालवता येते, पण भाड्याने १८ खालच्याला मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२५ पासून मशीनची बोट चालवणाऱ्या सगळ्यांना प्रमाणपत्र.

केळीवाला, सावदा

ताई, फार उपकार. तुमचं लिहिलेलं तसंच जावईबापूंना पाठवलं. बराच वेळ उत्तर नाही. मग कळलं, त्यांच्याकडेच कार्ड नाही! मागच्या वर्षी मित्राच्या बोटीवर तसेच फिरले म्हणे. सौ. आता घरात मोठ्या आवाजात बोलू राहिली.

एक अजून. मला पोहता येतं म्हटलं तरी ते जॅकेट घालावंच लागतं का? उन्हाळ्यात घामाने जीव जाईल.

भुसावळची लेक

बोटीत जितकी माणसं तितकी, प्रत्येकाच्या मापाची जॅकेटं असलीच पाहिजेत, हा कायदा. पण काका, अंगात घाला. तापी मे महिन्यात कोमट असते, इथल्या तळ्यावर हिवाळ्यात बर्फ धरतो आणि वरचं पाणी जुलैत बरं वाटलं तरी खाली गार असतं. अचानक गार पाण्यात पडलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असलं तरी. पोहता येणं त्या मिनिटात कामाला येत नाही. हात चालेपर्यंत डोकं वर ठेवायला काहीतरी हवं. आणि घाम नाही येत, वारा असतो.

बोटीत हेही बघा: निदान १५ मीटरची तरंगणारी फेकदोरी, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं, वल्हं किंवा नांगर. पत्र्याच्या बोटीत हे सगळं असतं असं धरून चालू नका, उघडून बघा.

नर्मदाकाठ_धडगाव

राम राम. हतनूरचं मी सांगतो, सरदार सरोवराच्या पाण्यावर बोटीवर काम करतो. अक्कलकुवा-धडगावातली बुडितातली ३३ गावं, त्यातल्या कितीतरी पाड्यांना आजही रस्त्यापेक्षा बोट जवळची. दवाखानाही बोटीतून येतो. म्हणून आमच्याकडे 'हौसेची बोट' म्हटलं की हसू येतं, पण कायदा हौसेला आणि गरजेला एकच.

आधीचा इंग्रजांचा १९१७ चा कायदा गेला. आता अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१. २०२२ च्या जूनपासून लागू. नदी, तलाव, धरणाचा फुगवटा, सगळं त्यात आलं. मशीनवर चालणाऱ्या बोटीची नोंदणी हवी, तपासणी होऊन सर्वेक्षण प्रमाणपत्र हवं, विमा हवा, आणि चालवणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र हवं. महाराष्ट्रात हे काम मेरीटाईम बोर्डाकडे आहे. आरटीओचा पाण्याशी संबंध नाही. शिवाय धरण जलसंपदा विभागाचं, त्यांची परवानगी वेगळी.

शेजाऱ्याला एवढंच विचारा: कागद दाखव. जुनी बोट घेणारे नव्वद टक्के वेळा मशीनची पावती दाखवतात आणि तिलाच कागद म्हणतात. (टक्के माझ्या मनाचे, मोजले नाहीत.) कागद नसतील तर नातवाने चालवणं सोडा, तुम्हीही बसू नका. असतील तरी सुकाणू प्रमाणपत्रवाल्याच्या हातात. कॅनडाचं कार्ड इथे चालत नाही, पोरगं ते दाखवून हट्ट करेल म्हणून आधीच सांगतो.

आणि हतनूरचं पाणी तळ्यासारखं शांत दिसलं तरी ते तापी आणि पूर्णेचं आहे. वर पाऊस झाला की ४१ दरवाज्यांतले उघडायला सुरुवात होते आणि धरणाच्या बाजूला ओढ लागते. दिवाळीत पूर ओसरलेला असतो, पण तेव्हा मासेमारी जोरात. जाळी पाण्याच्या जेमतेम खाली, वर खूण म्हणून रिकामी प्लॅस्टिकची बाटली. पंख्यात जाळं गेलं की मशीन बंद, जाळं फाटलं म्हणून भांडण ते निराळं.

आमच्या भागात २०१९ च्या संक्रांतीला भुषाजवळ नर्मदेत बोट उलटली. स्नानाला निघालेली माणसं, बायका, पोरं. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बसली होती. तेव्हापासून मी जॅकेट नसलेल्याला चढू देत नाही, मग तो सरपंच असो. शिव्या खातो.

पोराला इथे हौस करायचीच असेल तर तोरणमाळला यशवंत तलावात घेऊन जा, वल्ह्याच्या बोटीत. पुढे मोठा होऊन खरंच शिकायचं म्हणाला तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट चालवायचे कोर्स घेते.

बिनधास्त_पाचोरा

मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण ट्रॅक्टर बुडत नाही हे मान्य.

केळीवाला, सावदा

शेजाऱ्याला विचारलं. त्याने मशीनची पावतीच दाखवली! धडगावकर, तुमचे नव्वद टक्के बरोबर.

तिकडचं असं ठरलं: घरमालक म्हणतो, यादीबिदी मी करत नाही, ६० ची बोट कार्डवाल्यालाच देणार. आता जावई आणि नातू रोज संध्याकाळी सोबत अभ्यास करू राहिले, आणि नातू बापाला बोये विचारतो. मी चालवायचा विचार सोडला, मागे बसून जॅकेट घालून फिरणार. सौ. विचारते, मागे बसणाऱ्यालाही परीक्षा असते का?

भुसावळची लेक

काकूंना परीक्षा नाही. त्यांचं जॅकेट मात्र घरातून निघण्याआधी अंगावर घालून बघा, साडीवरून पट्टे बसतात का ते. बहुतेक भाड्याच्या घरात लहान मुलांची आणि धिप्पाड माणसांचीच मापं उरलेली असतात. आतल्या शिक्क्यावर किलो लिहिलेले असतात, ते वाचून घ्या. नाही बसलं तर पीटरबरोच्या दुकानात मिळेल, जावईबापूंच्या खिशातून.