मेरी कोमच्या सिनेमात मणिपुरी नायिका का नको?

मृण्मयी_कर्वेनगर :
शेजारच्या धाग्यावर पेठकरांनी लिहिलंय, "वंशभेद ही अमेरिकेची भानगड. आपल्याकडे अभिनय बघतात, चेहरा नाही." वाचून डोकंच फिरलं. 'मेरी कोम' (२०१४) मध्ये मणिपुरी बॉक्सर झाली प्रियांका चोप्रा. तिने मेहनत घेतली, प्रश्नच नाही. पण ईशान्येतल्या मुलीच्या गोष्टीतसुद्धा तिथली मुलगी नायिका होत नसेल, तर ती होणार कधी? सिक्कीमचा डॅनी आपल्या लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला. 'अग्निपथ' (१९९०) मध्ये त्याचं नाव काय ठेवलं? कांचा चीना!

पेठकर :
२०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये संजय दत्तही कांचा चीनाच होता. तो कुठे सिक्कीमचा? अहो, सिनेमाला पैसा लागतो. ओळखीचा चेहरा नसेल तर तिकीट कोण काढणार? आणि ईशान्येचं सोडा, आधी आपलं बघा. हिंदीत मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर भांडीवाली बाई. त्यावर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

अनिकेत_वाई :
पेठकरांशी शंभर टक्के सहमत. मुंबईत राहून मुंबईच्याच माणसाला मोडकंतोडकं हिंदी बोलायला लावून हशे घेतात. वर्षानुवर्षं चाललंय आणि आपण टाळ्या वाजवतो.

मृण्मयी_कर्वेनगर :
विषय तो नाही. आणि 'अग्निपथ'चा नायक विजय दीनानाथ चव्हाण मांडव्याचा, बाजीराव सिंघमही मराठीच. आपल्याला निदान नायक मिळतात.

अनिकेत_वाई :
मिळतात? चव्हाण झाला अमिताभ, सिंघम झाला अजय देवगण. मराठी नायकालाही मराठी नट चालत नाही यांना!

मृण्मयी_कर्वेनगर :
अहो, मग मी मेरी कोमबद्दल दुसरं काय म्हणतेय?

सावनी :
पेठकर, चेहरा बघत नाहीत म्हणे. मी सावळी आहे. कॉलेजच्या एकांकिकेत पाठांतर माझं चोख, तालमींना मी पहिली हजर, आणि नायिका ठरली गोरी मुलगी. मला मोलकरणीचं काम दिलं. 'बाला' (२०१९) मध्ये काळ्या मुलीची व्यथा सांगायला भूमी पेडणेकरला रंग फासला तेव्हा मला तो दिवस आठवला. सावळ्या नट्या संपल्या होत्या का देशात? तिकिटांचं म्हणाल तर 'सैराट' आठवा. अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा कुणाला माहीत होती? तरी थेटरं ओसंडली.

पेठकर :
'सैराट' हा अपवाद. दरवर्षी होत नाही.

सावनी :
संधीच दिली नाही तर दुसरा होणार कसा?

रोहन_विमाननगर :
सिनेमात काय दाखवतात याने फरक पडतो. माझ्या नागालँडच्या सहकारी मुलीला इथे फ्लॅट घेताना सोसायटीच्या माणसाने पासपोर्ट मागितला. ती आधार कार्ड पुढे करतेय आणि हा व्हिसा विचारतोय. शिकलासवरलेला माणूस! असे चेहरे पडद्यावर डॉक्टर, वकील, शेजारीण म्हणून दिसले असते तर त्याला हा प्रश्न सुचला नसता.

पेठकर :
त्या माणसाचं खापर सिनेमावर फोडू नका, तो मुळातच अडाणी. बाकी मेरी कोमसाठी तिथल्या मुलींच्या चाचण्या घेऊन बघायला हव्या होत्या, एवढं मान्य करतो. पण हवालदाराचा मुद्दा मी सोडलेला नाही.

मृण्मयी_कर्वेनगर :
सोडूच नका. पण पुढच्या वेळी "आपल्याकडे चेहरा बघत नाहीत" असं लिहू नका.