व्हर्नियरची १७वी रेघ जुळली की ०.३४ कसं?

फिटर_पहिलं_वर्ष
०.०२ मिमीच्या व्हर्नियर कॅलिपरवर (दोन जबड्यांत वस्तू धरून मुख्य पट्टी आणि तिच्यावरची सरकती पट्टी वाचायची ते मापयंत्र) शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, मोजला. सरकत्या पट्टीचं शून्य मुख्य पट्टीवरच्या २३ च्या पुढे, सरकतीची १७वी रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळली, म्हणून २३.३४ मिमी. रीत पाठ आहे, पण १ मिमीच्या रेघांतून ०.०२ येतं कुठून? शिवाय दोन-तीन रेघा जुळल्यासारख्याच दिसतात. आणि मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून मोजायचं बारीक मापयंत्र) त्याच जागी २३.३० दाखवतोय.

टूलरूमवाला
सरकत्या पट्टीवर ४९ मिमीचे ५० भाग केलेत. एक भाग ०.९८ मिमी, म्हणजे मुख्य पट्टीच्या घरापेक्षा ०.०२ ने तोकडा. जबडा ०.०२ उघडला की पहिली रेघ जुळते, ०.०४ ला दुसरी, ०.३४ ला सतरावी. ताडून बघा: २३.३४ + १७ × ०.९८ = ४०.००. तुमची रेघ ४० वरच बसलेली असणार. तो ४० मात्र वाचायचा नाही, पूर्ण मिमी नेहमी शून्याच्या डावीकडचे घ्यायचे.

रेघा एकेक मोजू नका. सरकत्या पट्टीवरचे आकडे दर पाचव्या रेघेला आहेत. ३ च्या पुढची दुसरी रेघ, ०.३ + ०.०४.

गेज_ब्लॉक
जुळलेल्या रेघेपेक्षा तिच्या शेजारणी बघा. १७वी खरी असेल तर १६वी ३९ च्या किंचित उजवीकडे आणि १८वी ४१ च्या तेवढीच डावीकडे असते. दोघी सारख्याच आत झुकलेल्या दिसल्या की मधली बरोबर. नजर पट्टीवर सरळ काटकोनात हवी, तिरकी पडली की शेजारची रेघ जुळल्यासारखी वाटते.

मायक्रोमीटरशी पडलेल्या ०.०४ च्या फरकाचं म्हणाल तर आधी जबडे पुसा, मिटवा आणि उजेडाकडे धरा. फट दिसते का? शून्य कुठे आहे?

फिटर_पहिलं_वर्ष
फट नाही. शून्य जरा उजवीकडे, दुसरी रेघ जुळते.

गेज_ब्लॉक
मग झीरो एरर (जबडे मिटलेले असतानाच दिसणारी चूक) +०.०४, ती वजा करायची: २३.३०. शून्य डावीकडे सरकलेलं असतं आणि ४८वी जुळली असती, तर एरर ०.९६ नव्हे, ५० − ४८ = २ रेघा, म्हणजे −०.०४, तेव्हा मिळवायची.

टूलरूमवाला
जॉब (मोजायची वस्तू) जबड्यांच्या टोकाशी धरू नका, पट्टीजवळ धरा. टोकाशी धरून अंगठ्याने दाबलं की सरकता जबडा कलतो आणि माप कमी येतं. कॅलिपर शाफ्टवर तिरका बसला तर जास्त येतं. हलकेच डोलवून सगळ्यात लहान वाचन घ्या. बोअरला (भोकाला) उलट, सगळ्यात मोठं.