मदत हवी आहे: बोंगोचं पिल्लू की सिटाटुंगाची मादी, ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. आफ्रिकेतले प्राणी जवळून पाहिलेलं किंवा त्यांचा अभ्यास केलेलं इथे कुणी आहे का?

शाळकरी मुलांसाठी मी कुरंगांचा (अँटिलोप, म्हणजे काळविटासारखे प्राणी) एक सचित्र तक्ता करते आहे. त्यात बोंगो आणि सिटाटुंगा शेजारी शेजारी घेतलेत. दोघांच्या जाती वेगळ्या, पण प्रजाती (जीनस) एकच, ट्रॅजेलाफस. (दोघंही गाईच्या उपकुळातले, म्हणून तक्त्यात त्यांची जागा काळविटाजवळ न ठेवता नीलगाय आणि चौशिंग्याजवळ ठेवली आहे. मुलांना हे नातं कळावं असं मला फार वाटतं.)

नर सहज ओळखू येतात. बोंगो गडद तांबूस, अंगावर १० ते १५ उभे पांढरे पट्टे. सिटाटुंगाचा नर काळपट तपकिरी, केस लांब आणि राठ. माद्यांमध्ये शिंगं पाहायची: बोंगोच्या मादीला पिळदार शिंगं असतात, सिटाटुंगाच्या मादीला नसतात. पण ही बिनशिंगांची मादीसुद्धा तांबूस आणि पट्टेदारच! मग शिंगं न फुटलेलं बोंगोचं पिल्लू एकटंच दिसलं तर?

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात झांगा बाई नावाची जंगलातली मोकळी पाणथळ जागा आहे. तिथे दोन्ही जाती येतात. तिथल्या चित्रफिती पाहताना मी इथेच अडते. पूर्ण वाढलेला बोंगो २०० किलोंच्या वर आणि सिटाटुंगाची मादी साधारण ५० किलोंची, पण बाजूला दुसरा प्राणी नसेल तर आकाराचा अंदाज येत नाही.

सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे खूर. दलदलीत रुतू नये म्हणून सिटाटुंगाचे खूर लांब आणि फाकणारे असतात. घाबरला की तो पाण्यात शिरतो आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून दडून राहतो. किती विलक्षण आहे हे! पण चित्रफितीत पाय नेमके चिखलात असतात. उरतात बोंगोची लांब गोंडेदार शेपटी, मोठे रुंद कान आणि पायांवरच्या काळ्या-पांढऱ्या खुणा.

माझा प्रश्न असा: या तिन्ही गोष्टी बोंगोच्या लहान पिल्लातही स्पष्ट दिसतात का? एकीवरच विसंबायचं तर कोणती धरावी? प्राणिसंग्रहालयात किंवा जंगलात कुणी पिल्लाचा बाजूने फोटो काढला असेल, पाय आणि शेपटी दिसेल असा, तर कृपया इथे द्या. चित्र रंगवायचं त्यावरच थांबलं आहे.